आधी टोन, मग रंग : मोठ्यांच्या जलरंग वर्गातले पहिले दोन महिने

शाळेनंतर पहिल्यांदा, चाळिशी-पन्नाशीत ब्रश हातात घेणाऱ्यांची चित्रं बहुतेक एकाच तऱ्हेने फसतात. रेखाटन बरं असतं, रंगही ओळखीचे असतात. पण चित्र भिंतीला टेकवून चार पावलं मागं गेलं की सगळं फिकं, सपाट, चार धुण्यांत विटलेल्या साडीसारखं दिसतं. मग माणूस दुकानात जाऊन आणखी सहा नळ्या आणतो. त्याने काही होत नाही, कारण दोष टोनचा असतो. टोन म्हणजे एखादी जागा किती उजळ किंवा किती गडद आहे एवढंच. ती लाल आहे की हिरवी, हा प्रश्न त्यात येत नाही.

मोठ्या माणसांना टोन दिसायला वेळ लागतो, कारण ती डोळ्यांपेक्षा माहितीवर विसंबतात. कप पांढरा आहे हे ठाऊक असतं, म्हणून सावलीतली बाजूसुद्धा पांढरीच ठेवली जाते. त्यात अनेकांच्या हाताला एलिमेंटरी-इंटरमिजिएटची पोस्टर रंगांची सवय असते: उजळ करायचं तर पांढरा मिसळायचा, गडद करायचं तर काळा. पारदर्शक जलरंगात या दोन्ही सवयी मोडाव्या लागतात. इथे पांढरा म्हणजे कोरा कागद, आणि गडदपणा मिळतो तो पाणी कमी करून.

खालचा क्रम आठवड्याला दोन तास, असे आठ आठवडे धरून लिहिला आहे. पहिले तीन आठवडे फक्त एका रंगात काढायचे. ते कंटाळवाणे वाटतील, पण टाळू नका.

सामान : थोडं, पण बरोबर

खर्च कागदावर करा. ३०० जीएसएमचा (दर चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा, म्हणजे जाड), कोल्ड प्रेस म्हणजे किंचित खरखरीत, आणि जमल्यास सुती कागद घ्या. २२ × ३० इंचांचा पूर्ण ताव घेऊन त्याचे आठ तुकडे केले की ११ × साडेसात इंचांचे कागद मिळतात. शिकण्यासाठी हा आकार पुरतो, आणि ब्लॉकपेक्षा, म्हणजे कडा चिकटवलेल्या तयार गठ्ठ्यापेक्षा, स्वस्तही पडतो. शाळेच्या वहीचा कार्ट्रिज कागद टोनची शिडी (फिक्यापासून गडदपर्यंतची सरावाची पट्टी, ती पुढे येते) आखायला चालेल. चित्राला मात्र नको, कारण रंगाच्या दुसऱ्या हाताला तो फुगतो आणि खोलगटात रंग साचतो. कागद चारही बाजूंनी मास्किंग टेपने बोर्डवर चिकटवा आणि बोर्डच्या वरच्या कडेखाली एक जाडसर पुस्तक सरकवा. तेवढ्या उताराने रंग खाली ओघळत राहतो आणि वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा सलग थर, सगळीकडे एकसारखा बसतो.

पावसाळ्यात कागद प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून ठेवा. कागदावर डिंकासारख्या द्रव्याचा एक लेप असतो, त्याला सायझिंग म्हणतात. रंग पृष्ठभागावर थोडा वेळ टिकतो तो त्याच्यामुळे. कोकणातल्या किंवा मुंबईतल्या दमट कपाटात हा लेप जागोजागी मरतो, मग त्या जागी कागद टिपकागदासारखा रंग पिऊन टाकतो आणि आकाशाच्या वॉशमध्ये ठिपके उमटतात. ब्रश कितीही जपून फिरवला तरी असा कागद सुधारत नाही. त्यावर सराव करा.

ब्रश तीन पुरे: गोल १२ नंबर, गोल ६ नंबर आणि एक इंची चपटा. नवखे लोक ०, १, २ नंबरचे ब्रश गोळा करतात आणि मग त्या केसाएवढ्या टोकाने कप भरत बसतात. पहिला फराटा वाळतो, दुसरा त्यावर चढतो आणि पट्टे दिसतात. चांगल्या १२ नंबरलाही बारीक टोक असतंच. ते येतं का ते पाहायला दुकानात पाणी मागा, ब्रश ओला करा आणि एकदा झटका. टोक एकवटलं नाही, तर तो ब्रश परत ठेवा.

पॅलेट म्हणून घरातली पांढरी चिनी मातीची ताटली उत्तम. प्लास्टिकच्या नव्या पॅलेटवर रंग पाऱ्यासारखा गोळा होतो आणि त्याचा खरा टोन कळत नाही. ते पॅलेट भांडी घासायच्या पावडरीने एकदा खसखसून घासलं की रंग पसरू लागतो. पाण्याचे डबे दोन ठेवा, एक ब्रश धुवायला आणि दुसरा रंगात मिसळायला. शेजारी जुन्या धोतराचा किंवा सुती ओढणीचा तुकडा असू द्या. पेन्सिल २बी. खोडरबर कमीत कमी, कारण घासलेल्या जागी तोच सायझिंगचा लेप निघतो आणि रंग तिथे गडद बसतो.

रंगाच्या नळ्या सात: लेमन यलो, यलो ऑकर, स्कार्लेट, क्रिमसन, अल्ट्रामरीन, प्रशियन ब्लू, बर्न्ट सिएना. कॅमलच्या विद्यार्थी श्रेणीतल्या नळ्यांनी सुरुवात करायला हरकत नाही. क्रिमसन घेताना मात्र नळीवरचा रंगद्रव्याचा क्रमांक पाहा. पीआर ८३ असेल, तर तो अलिझरिन आहे आणि उजेडात टांगलेल्या चित्रातून काही वर्षांत विरतो. पीव्ही १९ टिकतो. काळा आणि चायनीज व्हाइट (पांढरा) सध्या कपाटात राहू द्या.

चष्म्याबद्दल एक सूचना. ब्लू-कट काचांना अनेकदा पिवळसर झाक असते, आणि उन्हात काळ्या होणाऱ्या काचा खिडकीपाशी थोड्या काळवंडतात. शक्य असेल तर वर्गासाठी साधा चष्मा ठेवा. मोतीबिंदू सुरू झाला असेल तर निळे रंग मळकट आणि सगळंच तपकिरी दिसतं. फ्रेंच चित्रकार क्लोद मोने यांनाही हाच त्रास होता आणि १९२३ साली त्यांच्या डोळ्यावर शस्त्रक्रिया झाली. लाल-हिरव्यात गोंधळ होणाऱ्यांनी (पुरुषांत ते प्रमाण बरंच जास्त असतं) नळ्यांवर मराठीत ठळक नावं लिहून ठेवावीत. पहिल्या तीन आठवड्यांत त्यांची काही अडचण होत नाही.

मांडणी आणि दिवा

टेबलावर पांढरा सुती कपडा पसरा, मागे राखाडी पुठ्ठा उभा करा. त्यावर चार वस्तू ठेवा: पांढरा कप, लिंबू, जांभळं वांगं, पितळी तांब्या. या चौघांत टोनच्या शिडीची दोन्ही टोकं येतात, आणि पिवळा-जांभळा ही विरोधी, म्हणजे रंगचक्रात समोरासमोर येणाऱ्या रंगांची जोडीही आयती मिळते. वस्तू एकमेकींना थोड्या झाकतील अशा ठेवा. ओळीने मांडल्या की शाळेच्या गटफोटोसारख्या दिसतात.

उजेड एकाच बाजूने हवा. छतावरची ट्यूब बंद करा. ट्यूब चालू राहिली की प्रत्येक वस्तूला दोन-तीन पुसट सावल्या पडतात, आणि नवख्याला कुठलीच धड दिसत नाही. डावीकडून, वस्तूंच्या वर साधारण ४५ अंशांत एक टेबललॅम्प लावा. ९ वॅटचा एलईडी पुरतो. ‘कूल डेलाइट’ लिहिलेला घ्या, कारण ‘वॉर्म व्हाइट’च्या पिवळ्या उजेडात लिंबू आणि कपडा यांतला फरक कमी होतो. डावरे असाल तर दिवा उजवीकडे.

खिडकीचा उजेड वापरायचा तर उत्तरेची खिडकी घ्या, असं सगळीकडे सांगितलं जातं. ते दिवाळी ते होळी अगदी बरोबर आहे. पण मुंबई-पुण्याच्या अक्षांशावर साधारण मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्यसुद्धा किंचित उत्तरेला असतो आणि सकाळ-संध्याकाळचा तर बराच. मे महिन्यात त्या खिडकीतून ऊन सरकत आत आलं, की तासाभरात सावल्या जागा बदलतात. तेव्हा पडदा ओढून दिवा लावलेला बरा.

पाच पायऱ्यांची शिडी

अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना समसमान घेऊन ताटलीत एक मोठा काळपट गोळा करा. दोन्ही वाटाण्याएवढे. निळा जास्त झाला तर थंड राखाडी येईल, सिएना जास्त झाला तर तपकिरी. कुठल्याही बाजूला न झुकणारं मिश्रण साधा. बर्न्ट सिएना हा खरं तर गडद नारिंगी आहे, म्हणून निळ्याशी भेटला की दोघं एकमेकांना मारून टाकतात आणि नळीतल्या काळ्यापेक्षा जास्त जिवंत काळा मिळतो.

आता एक इंची पाच चौकोन आखा. पहिला कोरा. दुसऱ्यासाठी मिश्रण कोऱ्या चहाइतकं पातळ, तिसऱ्यासाठी ताकासारखं, चौथ्यासाठी कढीसारखं, पाचव्यासाठी बासुंदीसारखं. खात्री करायला ताटली तिरकी करा. चहा लगेच पळतो, ताक पळतं पण मागे पडदा ठेवतं, कढी सावकाश सरकते, बासुंदी जेमतेम हलते. रंग त्याहून घट्ट, चक्क्यासारखा झाला तर कागदावर चिकट चकाकी येते. तेवढा घट्ट नको.

वाळू द्या. वाळल्यावर पाचही चौकोन जवळजवळ एकेका पायरीने फिकट झालेले दिसतील. ओल्या रंगावरचं पाणी उडून गेलं की पृष्ठभाग उजेड विखुरतो आणि रंग उजळ भासतो. म्हणून जलरंगात ओला असताना बरोबर दिसणारा टोन नेहमी चुकलेला असतो. तो थोडा जास्तच गडद दिसायला हवा. पाचवा चौकोन तिसऱ्यासारखा दिसत असेल तर दुसरी पट्टी करा, मग तिसरी. शिडीत लगतच्या प्रत्येक दोन पायऱ्यांतला फरक डोळ्याला सारखाच वाटला पाहिजे. सगळ्यांत अवघड जाते ती दुसरी आणि तिसरी यांच्यातली उडी. बहुतेकांच्या हाती दोन नंबरच दोनदा येतो.

जमलेली पट्टी कापून घ्या आणि प्रत्येक चौकोनाच्या कडेला ऑफिसच्या पंचने एक भोक पाडा. हे तुमचं मोजमाप. हात ताठ, एक डोळा बंद, भोकातून तांब्याची एखादी जागा पाहा आणि कुठल्या चौकोनाशी ती जुळते ते ठरवा. हे केल्यावर वर्गात हमखास एक धक्का बसतो: पांढऱ्या कपाची सावलीतली बाजू तीनवर येते, आणि वांग्याची थेट उजेडातली बाजू चारवर. म्हणजे उजेडातलं वांगं सावलीतल्या कपापेक्षा गडद! प्रत्येक वस्तूला स्वतंत्रपणे पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत नेणं ही नवख्यांची सर्वांत मोठी चूक असते, आणि ती या कार्डाने तिथल्या तिथे सापडते.

कार्ड हाताशी नसेल तेव्हा डोळे किलकिले करा, पापण्यांतून जेमतेम दिसेल इतके. उजेड कमी शिरतो, बारकावे आणि रंगांचा भडकपणा मावळतो, मोठे गडद-उजळ आकार उरतात. मोबाइलवर कृष्णधवल फोटो काढणं हाही उपाय आहे, पण हल्लीचे फोन सावल्या आपोआप उजळवतात. त्यामुळे फोटोवरून कुठली जागा कुठल्यापेक्षा गडद एवढंच ठरवा, नेमकी पायरी ठरवू नका.

एकाच रंगात पूर्ण चित्र

मोठ्या कागदाला हात लावण्याआधी काडेपेटीएवढ्या तीन चौकटी काढा आणि ४बी पेन्सिलने त्यांत हीच मांडणी फक्त तीन टोनमध्ये बसवा: कोरा, मधला, गडद. प्रत्येकीला पाच मिनिटं. तिन्हींपैकी एखादा टोन बाकीच्यांपेक्षा ठळकपणे जास्त जागा व्यापतो का ते पाहा. सगळे सारखे असतील तर चित्र बुद्धिबळाच्या पटासारखं दिसतं. तसं झालं तर दिवा किंवा चित्राची चौकट थोडी सरकवा.

मग ११ × साडेसातच्या कागदावर हलकं रेखाटन करा. त्यात वस्तूंच्या कडांबरोबर सावलीची कडही एका रेषेने आखून घ्या. पुढचं काम तीन हातांत होतं.

पहिल्या हाताला चहाएवढं पातळ मिश्रण घ्या, ताटलीत निदान तीन-चार चमचे. कमी पडलं तर मध्येच दुसरं करावं लागतं आणि ते कधीच जुळत नाही. एक इंची ब्रशने सगळा कागद रंगवा; फक्त कपाची उजेडाची बाजू, कपड्याचा सर्वांत उजळ भाग आणि तांब्या-वांग्या-लिंबावरची चमक कोरी सोडा. वस्तूंच्या कडांवर थांबू नका. राखाडी पुठ्ठा, कपड्याची सावली, वांगं, सगळं एकाच पातळ वॉशखाली जाऊ द्या.

कागद वाळला की नाही हे बघून ठरवू नका. बोटांची मागची बाजू टेकवा. गार लागला म्हणजे आत ओल आहे. नागपूरच्या मे महिन्यात पाच मिनिटांत काम होतं, रत्नागिरीच्या जुलैत अर्धा तासही कमी पडतो. हेअर ड्रायर वापरायचा तर कागदावरची चकाकी गेल्यावर आणि फूटभर अंतरावरून. चकाकी असताना हवा मारली की साचलेला रंग ढकलला जातो आणि कडेला घट्ट रेघ वाळते.

दुसरा हात ताकाचा: सगळ्या सावल्या आणि अख्खं वांगं, एकसलग. कपाच्या सावलीतून ब्रश न उचलता कपड्यावरच्या पडछायेत उतरा. नवखे इथे कपाची कड राखायला थांबतात, आणि कप कापून चिकटवल्यासारखा दिसू लागतो. वस्तू आणि तिची पडछाया तळाशी एकमेकींत मिसळली की वस्तू टेबलावर बसते.

तिसरा हात कढी आणि बासुंदीचा, आणि तो कमी जागेत: वांग्याचा पोटाकडचा भाग, तांब्याच्या गळ्याखालचा काळा पट्टा, आणि प्रत्येक वस्तू कपड्याला जिथे टेकते तिथली बारीक फट. पडछाया त्या फटीपाशी सर्वांत गडद आणि धारदार असते. वस्तूपासून दूर जाईल तशी तिची कड विरघळते. वस्तूच्या सावलीत कपड्यावरून परतलेला थोडा उजेड दिसेल. तो परावर्तित प्रकाश कितीही मोहात पाडो, उजेडाच्या बाजूच्या कुठल्याही जागेपेक्षा उजळ ठेवायचा नाही. ठेवला की लिंबू रबरी चेंडू होतं.

इथे हात आखडतो. ‘बिघडेल’ या भीतीने बासुंदीचा टोन बहुतेक जण लावतच नाहीत. पण कागदापेक्षा पांढरं आपल्याकडे काहीच नाही. चमक वाढवायची तर भोवतीचा अंधारच वाढवावा लागतो. सावंतवाडीत जन्मलेले चित्रकार सावळाराम लक्ष्मण हळदणकर यांचं १९४५-४६ मधलं ‘ग्लो ऑफ होप’ हे चित्र म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे: एका हातात दिवा, दुसऱ्या हाताचा आडोसा. ते जलरंगातलं आहे. मूळ चित्र जमल्यास बघाच. नाहीतर मोठी छापील प्रत समोर घ्या आणि चेहऱ्यावरचा व बोटांवरचा उजेड सोडून बाकी कागद किती गडद आहे ते भोकाच्या कार्डाने मोजा. कुठलाही गडद भाग तळहाताने झाकून पाहिलं की तो उजेड कुठून आला ते कळतं.

प्रत्येक रंगाची शिडीवरची जागा

चौथ्या आठवड्यात सातही नळ्या उघडा. प्रत्येक रंग बासुंदीइतका घट्ट घेऊन एकेक चौकोन भरा, शेजारी टोनची पट्टी ठेवा आणि कृष्णधवल फोटो काढा. लेमन यलो पूर्ण ताकदीनिशीही दोनच्या आसपासच राहतो. यलो ऑकर तीनपर्यंत पोचतो, स्कार्लेट तीन-चारच्या मध्ये, क्रिमसन आणि बर्न्ट सिएना चारपर्यंत. दोन्ही निळे पाचवर. याचा अर्थ साधा आहे: लिंबाची गडद बाजू लेमन यलोने कधीच होणार नाही, कितीही थर चढवा. तिथे रंगच बदलावा लागतो.

मग एक खेळ करा. लाल, हिरवा, निळा, तपकिरी असे चार ठिपके एकमेकांना लागून लावा, पण सगळे तीन नंबरच्या टोनचे. वाळल्यावर कृष्णधवल फोटोत ते एकमेकांत गडप व्हायला हवेत. पहिल्या प्रयत्नात लाल हमखास जास्त गडद आणि निळा जास्त फिका निघतो, कारण भडक रंग डोळ्याला उजळ वाटतो आणि आपण त्याला पाणी कमी देतो. चार-पाच वेळा केल्यावर जुळतं. हा सराव रंगचक्र रंगवण्यापेक्षा कितीतरी उपयोगी आहे. रंगचक्राचा तक्ता भिंतीवर लावायला छान दिसतो, एवढंच.

गेल्या शतकाच्या सुरुवातीला अल्बर्ट मन्सेल या अमेरिकन चित्रकला शिक्षकाने रंगाचं वर्णन तीन गोष्टींनी करायची पद्धत घालून दिली: कोणता रंग, किती उजळ, किती भडक. मिश्रण चुकलं की हेच तीन प्रश्न याच क्रमाने नाही, तर टोनपासून सुरू करून विचारा. आधी टोन दुरुस्त करा, मग रंग, मग भडकपणा. बऱ्याचदा पहिल्याच दुरुस्तीत काम भागतं.

स्वच्छ हिरवा हवा असेल तर लेमन यलो आणि प्रशियन ब्लू घ्या. दोघेही हिरव्याकडेच झुकलेले आहेत. अल्ट्रामरीन लालसर असतो, त्यामुळे ऑकरबरोबर तो शेवाळी, मळका हिरवा देतो. कढीपत्त्याला एक, सुकलेल्या गवताला दुसरा. जांभळ्यासाठी अल्ट्रामरीन आणि क्रिमसन. स्कार्लेट घातला तर तपकिरी होईल, कारण स्कार्लेटच्या पोटात पिवळा आहे. प्रशियन ब्लू घेताना जपून: मोहरीएवढा पुरतो, आणि एकदा कागदात मुरला की पुसला जात नाही. नेहमी पिवळ्यात निळा घाला, निळ्यात पिवळा नको. उलट केलंत तर अर्धी नळी पिवळा संपतो.

लिंबू, जवळून

पाचव्या आठवड्यात फक्त लिंबू घ्या, कागदावर मुठीएवढं मोठं. चमकेची जागा पेन्सिलने अगदी पुसट आखा. ती तांदळाच्या दाण्याएवढी असते, नाण्याएवढी नाही.

लेमन यलो ताकापेक्षा थोडा पातळ करा आणि चमक सोडून सगळं लिंबू भरा. आता थांबा आणि कागदाकडे तिरपं पाहा. रंग आधी आरशासारखा चकाकेल, मग ती चकाकी मंद, साटीनसारखी होईल. त्या क्षणी यलो ऑकर ताकाइतका दाट घेऊन उजव्या-खालच्या बाजूला सोडा. तो आपणहून पसरतो आणि कड दिसत नाही. आरसा असताना सोडलात तर तो अख्ख्या लिंबात पळतो, चकाकी पूर्ण गेल्यावर सोडलात तर रेघ राहते.

पूर्ण वाळल्यावर सावलीची बाजू. तीन भाग ऑकर, एक भाग बर्न्ट सिएना, आणि क्रिमसन-अल्ट्रामरीनच्या जांभळ्याचा जेमतेम स्पर्श. जांभळा पिवळ्याचा विरोधी असल्याने ऑकरचा भडकपणा उतरवतो आणि टोनही खाली आणतो. काळा घातला असता तर लिंबू हिरवं झालं असतं. पिवळा आणि काळा मिळून शेवाळी रंग होतो. हे मिश्रण सावलीत लावा, ब्रश धुवा, फडक्यावर टिपा, आणि ओलसर ब्रशने सावलीची उजेडाकडची कड एकदाच पुसून मऊ करा. दुसऱ्यांदा नाही.

पडछायेला दोन भाग अल्ट्रामरीन, एक भाग बर्न्ट सिएना, ताकासारखं. लिंबाच्या तळापासून बाहेर ओढा, आणि ओलं असतानाच लिंबाजवळ ऑकरचा एक थेंब सोडा, कारण कपड्यावर लिंबाचा पिवळा परतलेला असतो. शेवटी टेकण्याच्या जागी बासुंदीसारखा गडद, केसाएवढा.

वांग्याला उलट वागवायचं. पातळ थरांवर थर देत गेलात तर ते कधीच गडद होत नाही आणि मध्ये कुठेतरी साल मेल्यासारखी दिसते. दोनच हात. पहिला अल्ट्रामरीन-क्रिमसनचा, ताकासारखा, दिव्याची चमक कोरी ठेवून. वाळल्यावर दुसरा त्याच जोडीत बर्न्ट सिएना घालून, बासुंदीसारखा, एका दमात. चमकेची एक कड धारदार ठेवा, दुसरी मऊ. तुळतुळीत सालीचा भास त्या दोन कडांच्या फरकातून येतो. देठाला लेमन, प्रशियन आणि थोडा सिएना.

पितळी तांब्याला सोनेरी रंग शोधू नका. धातूत उजळ आणि गडद पट्टे मध्यम टोन न ठेवता एकमेकांना भिडतात, तेवढं पाळलं की ऑकर, सिएना आणि अल्ट्रामरीन पुरतात. वांग्याच्या बाजूच्या पट्ट्यात थोडा जांभळा येईलच.

काय बिघडतं

चिखल. तीनपेक्षा जास्त रंगद्रव्यं बऱ्याच प्रमाणात एकत्र आली, स्वच्छ रंग हवा तिथे विरोधी रंग समसमान पडले किंवा धुण्याचं पाणी काळं झालं की रंग मरतो. पण वर्गात चिखल होतो तो जास्त करून अर्धवट ओल्या रंगावर ब्रश फिरवल्याने. वरचा थर घालताना खालचा उचकटून त्यात कालवला जातो. लावा, पाहा, हात मागे घ्या.

कोबीच्या फुलासारखा दातेरी डाग म्हणजे सुकत आलेल्या वॉशमध्ये जास्त पाण्याचा ब्रश टेकला. ते पाणी रंगाचे कण ढकलत बाहेर जातं आणि कडेला सोडतं. ओल्यात पुन्हा जायचं तर ब्रशमध्ये कागदापेक्षा कमी पाणी हवं. डाग पडलाच तर लगेच दुरुस्त करू नका. वाळू द्या, मग ओलसर ब्रशने कड मऊ करा.

चमक बुडाली तर अल्ट्रामरीन आणि सिएना बऱ्यापैकी निघतात: स्वच्छ पाण्याचा थेंब, दहा सेकंद, कापडाने टिपा. घासू नका. प्रशियन निघत नाही, तिथे कागद कडकडीत वाळल्यावर नव्या ब्लेडच्या टोकाने हलकेच खरवडा. हे शेवटचं काम ठेवा, कारण खरवडलेल्या जागी पुन्हा रंग लावला तर तो शाईसारखा फुटतो.

आणि सगळं करूनही चित्र फिकंच दिसत असेल तर ताटली तपासा. बहुतेकदा नळीतून मसुराएवढा रंग पिळलेला असतो आणि त्यातून तांब्या रंगवायची अपेक्षा असते. वाटाण्याएवढा पिळा; उरलेला ताटलीतच वाळू द्या, पुढच्या वेळी पाण्याच्या थेंबाने तो पुन्हा मऊ होतो.

प्रत्येक कागदाच्या मागे तारीख, दिवा कुठल्या बाजूला होता आणि वापरलेली मिश्रणं लिहून ठेवा. उरलेल्या तीन आठवड्यांत हीच मांडणी सातही रंगांत करा: एकदा दिवा डावीकडून, एकदा मागून, एकदा वॉर्म बल्ब लावून. वांगं मात्र दर आठवड्याला नवं आणावं लागेल. सालीला सुरकुती पडली की चमक जाते.